फातिमा इस्माईल : हाजी अलीच्या रुग्णालयामागची आई

पोलिओचा ताप काही दिवसांत उतरत असे; खरी परीक्षा त्यानंतर सुरू होई. तापातून उठलेले मूल पाऊल टाकेनासे झाले, की ते वाचले याचा आनंद मानावा की त्याच्या पुढच्या आयुष्याची चिंता करावी, हेच घरच्यांना उमगत नसे. १९४५ च्या सुमारास फातिमा इस्माईल यांच्या तान्हेपण नुकतेच सरलेल्या मुलीच्या वाट्याला हे दुखणे आले. मुंबईसारख्या शहरातही अशा मुलांसाठी स्वतंत्र अशी उपचारव्यवस्था तेव्हा नव्हती.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ चा. गांधीजींचे निकटचे सहकारी आणि गिरणीमालक उमर सोबानी हे त्यांचे बंधू. ३१ जुलै १९२१ रोजी परळला परदेशी कापडाची जी प्रसिद्ध होळी झाली, ती सोबानींच्याच एल्फिन्स्टन मिलच्या आवारात. पुढे कापसाच्या व्यवहारात हे घराणे आर्थिकदृष्ट्या पार खचले. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी व्हिएन्नाला गेलेल्या फातिमाबाईंनाही ते अर्ध्यावर सोडून परतावे लागले. विवाहानंतर त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या कामात रमल्या. बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगतांना त्यांच्या घराचा आसरा होता. डॉक्टर होण्याचे मात्र राहून गेले ते गेलेच.

मुलीला घेऊन त्या मद्रासला अस्थिशल्यविशारद डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. तेथे महिनोन्‌महिने उपचार चालले आणि गुण येऊ लागला. त्यानंतरचा मुक्काम पुण्यात. महायुद्धात जखमी झालेल्या जवानांसाठी तेथे लष्कराचे पुनर्वसन केंद्र होते. तेथे मुलीवर उपचार करवून घेता घेता फातिमाबाईंनी व्यायामोपचाराचे तंत्र स्वतः शिकून घेतले. एखाद्या आईने एवढ्यावर समाधान मानले असते, तरी तिला कोणी बोल लावला नसता.

या उपचारात शिकण्यासारखे असते तरी काय? पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चालक पेशींवर घाला घालतो. ज्या स्नायूंना आज्ञा पोहोचत नाही ते लुळे पडतात. शेजारचे शाबूत स्नायू मात्र ओढतच राहतात. या असमान ओढीने टाच वर खेचली जाते, गुडघा आखडतो, पाठीचा कणा वाकतो. विषाणूने केलेल्या हानीत दुर्लक्षाने झालेल्या हानीची अशी भर पडते. जुन्या पद्धतीत हातपाय महिनोन्‌महिने फळ्यांना जखडून ठेवले जात. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी याविरुद्ध झुंज दिली. त्या गरम लोकरीच्या पट्ट्यांनी स्नायूंचा ताठरपणा उतरवीत आणि मग हळूहळू हालचाल शिकवीत. त्यांची शास्त्रीय उपपत्ती डॉक्टरांना पटली नाही, पण चाळीसच्या दशकात फळ्या सुटू लागल्या त्या त्यांच्यामुळेच. हालचालीचा हा उपचार औषधाच्या बाटलीसारखा घरी नेता येत नाही. तो रोज, जाणत्या हातांनी आणि वर्षानुवर्षे करावा लागतो. त्यासाठी हक्काची जागा लागते, आणि तीच कोठे नव्हती.

ती जागा फातिमाबाईंनी उभी केली. मे १९४७ मध्ये शल्यविशारद डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या चौपाटीवरील दवाखान्यात पोलिओग्रस्त मुलांसाठी त्यांनी केंद्र सुरू केले. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना, फाळणीच्या धामधुमीत हे काम सुरू व्हावे, हे विशेष. त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठीची संस्था आकाराला आली आणि पुढे हाजी अलीला मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले.

या रुग्णालयाचे मोल ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याणकडच्या आईबापांना वेगळे सांगायला नको. मूल कडेवर घेऊन लोकलच्या गर्दीत शिरायचे, दादरला गाडी बदलायची, महालक्ष्मीला उतरायचे आणि हे सारे पुन्हा पुन्हा करायचे. पुनर्वसनाच्या वैद्यकीय चर्चेत या प्रवासाचा हिशेब क्वचितच धरला जातो.

मुंबईत मग या शास्त्राने चांगलेच मूळ धरले. १९५३ मध्ये के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली परिसरातच केंद्र सरकारची भौतिकवैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पोलिओसाठी उभारलेल्या मुलांच्या रुग्णालयात मेंदूच्या पक्षाघाताची मुलेही येऊ लागली आणि डॉ. पेरिन मुल्लाफिरोज यांनी त्यांच्यासाठी मोलाचे काम केले. या मुलांचे दुखणे पोलिओच्या नेमके उलट. येथे स्नायू लुळे नसतात. मेंदूचा लगाम सुटल्याने ते अति ताणलेले असतात आणि जितक्या झटक्याने ताणावे तितके अधिक आखडतात. म्हणून हात सावकाश चालवावा लागतो. प्रौढांना अर्धांगवायूनंतर येणारा ताठरपणाही याच जातीचा.

फातिमाबाईंना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७८ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओरुग्ण २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. हाजी अलीला मुलांचे येणे मात्र थांबले नाही. २०१७ मध्ये त्याच परिसरात मुलांसाठी नवे, बहुमजली रुग्णालय सुरू झाले.