भीतीकडून ध्येयाकडे

विलायतेहून बॅरिस्टर होऊन १८९१ साली परतलेले मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले. उलटतपासणी घ्यायची होती. पण पाय लटपटले, डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि ३० रुपये फी परत केली. लहानपणी अंधाराला भिणारा हा मुलगा अजून भीतच होता.

१८९३ साली एका व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही, केवळ वर्णामुळे, पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनवर त्यांना गाडीतून उतरवण्यात आले. परत फिरावे की अन्यायाशी झगडावे? कडाक्याच्या थंडीत रात्रभर विचार करून त्यांनी झगडायचे ठरवले. पुढे थोड्याच दिवसांत प्रिटोरियात हिंदी रहिवाशांची सभा बोलावून ते निर्धाराने बोलले.

मुंबईत त्यांना स्वतःची काळजी होती. प्रिटोरियात आपल्या बांधवांची. बुजरेपणा पुरता गेला नव्हता, पण त्याहून मोठे काम समोर उभे होते. वर्गात उत्तर येत असूनही जीभ अडखळणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना याहून मोठा दिलासा कोणता?