पुन्हा पुन्हा लिहिणारे दादोबा

मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव झाला, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना व्याकरणाच्या पुस्तकापुरतेच ठाऊक असते. व्याकरण म्हटले की कपाळाला आठ्या पडतात आणि व्याकरणकार म्हणजे हाती छडी घेऊन चुका शोधत बसलेला कुणी कठोर पंतोजी असावा, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. दादोबांचे चरित्र वाचले म्हणजे हे चित्र पार पुसले जाते. दुसऱ्याच्या चुका काढण्याआधी आपलेच लिहिणे पुन्हा पुन्हा तपासणारा, आणि तरुणांनी एकमेकांचे लिहिणे ऐकावे, पारखावे म्हणून झटणारा एक माणूस आपल्याला भेटतो. वार्षिकासाठी लेख लिहायला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो ओळखीचा व्हायला हवा.

आणि तो काही परका नाही. दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. परंतु त्यांच्या घराण्याचे मूळ गाव वसईजवळचे तर्खड. त्या गावावरूनच ते तर्खडकर. २०१४ साली पालघर जिल्हा निर्माण झाला, तेव्हा तळासरी आणि वसई हे दोन्ही तालुके एका जिल्ह्यात आले. आपले अच्छाड या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला गुजरातच्या हद्दीला लागून आहे, तर तर्खड दक्षिणेच्या टोकाला. म्हणजे मराठीच्या या पहिल्या मोठ्या व्याकरणकाराच्या घराण्याचे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशीच आहे. हे घराणेही विलक्षण. धाकटे बंधू भास्कर यांनी १८४१ मध्ये मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रे लिहून कंपनी सरकारच्या कारभारावर उघड टीका केली, आणि दुसरे बंधू डॉ. आत्माराम हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक संस्थापक.

दादोबांच्या तरुणपणी मराठी गद्याची अवस्था काय होती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. लोक लिहीत होते, पण ते बहुतांशी मोडीत. मोडी लिहिणारा लेखणी न उचलता ओळ पुढे नेई. शब्द सुटे नसत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसे, विरामचिन्हे तर नव्हतीच. ती पुढे मेजर कँडी यांच्या प्रयत्नाने रूढ झाली. छापलेली गद्य पुस्तके थोडी, आणि ज्याचे त्याचे लेखन ज्याच्या त्याच्या वळणाचे. अशा वेळी एखाद्याचे वाक्य चुकले म्हणायचे, तर ते कशाच्या आधारावर? चूक दाखवायलाही दोघांनी मान्य केलेली काही पद्धत लागते. अवघ्या बावीस वर्षांच्या दादोबांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ प्रसिद्ध केले, ते ही उणीव भरून काढण्यासाठी. आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलांपेक्षा ते फार मोठे नव्हते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे काही काळ त्यांनी जावरा संस्थानात नबाबाचे शिक्षक म्हणून काम केले आणि नंतर ते सुरतेच्या सरकारी शाळेत गेले. मराठी बोलणारा हा माणूस गुजराती मुलखात राहिला आणि तिथल्या माणसांत मिसळला. दुर्गाराम मेहताजी प्रभृतींसह १८४४ मध्ये त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. जातिभेद, अंधश्रद्धा, चालीरीती यांविषयी तिथे सर्वांसमक्ष मोकळी चर्चा चाले. दोन भाषांच्या सीमेवर राहणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगावे लागत नाही. घरी वारली, बाजारात गुजराती, शाळेत पुस्तकी मराठी, हा आपला रोजचा अनुभव आहे. दादोबांनीही भाषांचा हा शेजार अनुभवला होता.

१८४६ मध्ये ते मुंबईस परतले आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासचे प्रमुख झाले. यानंतरची सहा वर्षे आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची. १८४८ साली एल्फिन्स्टन विद्यालयातील विद्यार्थ्यांनी एक साहित्य व विज्ञान सभा काढली. प्राध्यापक पॅटन यांचा तिला आधार होता. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी यांच्यासारखी पुढे नावारूपाला आलेली माणसे तिच्यात होती. या सभेच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, आणि तिचे अध्यक्षपद दादोबांकडे आले. सभेचा रिवाज साधा होता. एकाने निबंध लिहून आणायचा, तो सर्वांपुढे वाचायचा आणि इतरांनी त्यावर बोलायचे. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले आणि सभेतील निबंधांना छापील रूप मिळाले. म्हणजे मित्रांच्या कानांवरून गेलेला मजकूर मग अनोळखी वाचकापुढे जाई. ज्याला समोर बसलेल्या वीस जणांना समजेल असे लिहिता येत नाही, त्याचे लिहिणे दूरच्या गावच्या वाचकाला काय समजणार?

या सभांतील चर्चा पोकळ नव्हती, याला एक दाखला पुरे आहे. गुजराती शाखेत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला. टाळ्या वाजवून सभा उठली असती, तर तो निबंध विसरला गेला असता. पण लिहिले ते खरे मानता ना, मग करणार काय, असा प्रश्न त्यातून पुढे आला. आणि १८४९ मध्ये सभेच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढून त्यांत स्वतः विनावेतन शिकवायला सुरुवात केली. खऱ्या अभिप्रायाचे बळ एवढे असते. याच सुमारास जातिभेद न मानणाऱ्यांची परमहंस सभाही दादोबांच्या पुढाकाराने मुंबईत गुप्तपणे भरू लागली.

इतरांना निबंध सुधारायला शिकवणारे दादोबा स्वतःच्या पुस्तकाबाबत काय करत होते? पहिल्या आवृत्तीवर इंग्रजी व्याकरणाचे वळण होते. ती नावाजली गेली होती. तेवढ्यावर समाधान मानून ते थांबू शकले असते. परंतु १८५० मध्ये त्यांनी दुसरी आवृत्ती काढली ती पुष्कळ वाढवून आणि सुधारून. पुढे शाळकरी मुलांना मोठे पुस्तक जड जाते म्हणून १८६५ मध्ये ‘मराठी लघुव्याकरण’ लिहिले. दरम्यान कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रक’ मासिकातून दादोबांच्या व्याकरणाची कसून चिकित्सा केली. ती टीका पुस्तकाच्या कर्त्यावर नव्हती, पुस्तकातील मुद्द्यांवर होती. आणि म्हणूनच मराठी व्याकरणाच्या अभ्यासात तीही मोलाची ठरली. १८६७ मध्ये कृष्णशास्त्री गोडबोले यांचे नवे व्याकरण आले. आपल्या विषयात दुसरे विद्वान उतरले, म्हणून दादोबांनी लेखणी खाली ठेवली नाही. १८८१ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या व्याकरणाची ‘पूरणिका’ लिहिली. पहिल्या आवृत्तीला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती!

स्पष्टतेची हीच ओढ त्यांच्या ‘यशोदा पांडुरंगी’ या ग्रंथात दिसते. मोरोपंतांची ‘केकावली’ सामान्य वाचकाला अवघड; तिच्यावर १८६५ मध्ये त्यांनी मराठीत सविस्तर टीका लिहिली आणि तिला आपल्या आईवडिलांचे नाव दिले. टीका या शब्दाचा हा जुना अर्थ आपण विसरत चाललो आहोत. टीका म्हणजे दोष देणे एवढेच नव्हे. अर्थ उलगडून दाखवणे हीसुद्धा टीकाच.

दादोबांच्या आयुष्यात सारेच गौरवावे असे नाही. १८५२ पासून ते नगरकडे डेप्युटी कलेक्टर होते, आणि भिल्लांचा उठाव मोडण्याच्या कामगिरीबद्दल इंग्रज सरकारने त्यांना रावबहादूर केले. आदिवासी मुलखात राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट टोचल्यावाचून राहणार नाही, आणि टोचावीच. थोरांची चरित्रेसुद्धा आपण डोळे उघडे ठेवून वाचली पाहिजेत. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे निधन झाले. त्यांचे अपुरे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी संपादित करून १९४७ साली प्रसिद्ध केले.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रातून आपण घ्यायचे काय? आपल्याकडे मित्राने लेख दाखवला की दोनच उत्तरे मिळतात. एक, छान आहे. दुसरे, काही जमले नाही. पहिल्याने मित्र खूश होतो, दुसऱ्याने हिरमुसतो. लेख मात्र होता तिथेच राहतो. दादोबांच्या सभेचा मार्ग तिसरा. लेख मोठ्याने वाचू द्यावा. कोठे समजले, कोठे अडले, ते नेमके वाक्य दाखवावे. पुढे काय लिहायचे ते आपण सांगू नये, विचारावे.

समजा, कुणी लिहिले की वारली चित्रकलेचे महत्त्व अनन्यसाधारण असून तिचे जतन होणे ही काळाची गरज आहे. वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मित्राने एवढेच विचारावे की चित्र कोण काढते, केव्हा काढते, आणि जतन कुणी करायचे? मग लिहिणाऱ्याला आपले घर आठवेल. तो लिहील की लग्नात आमच्याकडे सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. तो कसा लिहायचा हे धाकट्या मुलींना दाखवले नाही, तर पुढच्या लग्नात भिंत कोरी राहील. पुस्तकी शब्द गळले आणि वाक्यात माणसे आली. आपल्याकडे चौक काढतात असे म्हणत नाहीत, लिहितात असे म्हणतात, हेही वाचकाला कळले. घरची बोली लाजेने लपवण्याची वस्तू नसून मजकुराचे भांडवल आहे, हे अशा प्रश्नांतूनच उमगते.

लिहिणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. मित्राने बोट ठेवले की समर्थन सुरू करू नये. आधी ते वाक्य पुन्हा वाचावे. सूचना पटली नाही तर सोडून द्यावी, पण ऐकल्यावाचून सोडू नये. ज्याने मराठीला तिचे व्याकरण दिले, त्याला आपले पुस्तक पंचेचाळीस वर्षांनंतरही पुरे झाले असे वाटले नाही. मग आपला चार पानांचा निबंध पहिल्याच लिखाणात पुरा झाला असे आपण का मानावे?