बाबा पदमनजी आणि त्यांची यमुना

नाताळची सुट्टी जवळ आली म्हणजे आमच्याकडे एक प्रश्न नेमानें येतो. यंदा तो सेमाडोह येथील एका पालकांनीं विचारिला. डिसेंबरच्या रात्री लांब, अंगणांत शेकोटी, शाळेंत जाणारी मुलगी वाचणार आणि घरचीं बाकीचीं सर्व मंडळी ऐकणार. अशा वेळीं मोठ्यानें वाचतांना कोणास मान खालीं घालावी लागणार नाहीं, जींत प्रेम असेल, ख्रिस्तावरील श्रद्धाही असेल आणि जी वाचून मनास धीर येईल, अशी एखादी कादंबरी आम्ही सुचवावी अशी त्यांची इच्छा होती.

इंग्रजी भाषेंत अशा पुस्तकांचा तोटा नाहीं. नाताळासाठीं म्हणून गोष्ट लिहावी व ती सणापूर्वीं विकावयास आणावी हा प्रघात तिकडे फार दिवसांचा आहे. चार्ल्स डिकन्स यांची सुप्रसिद्ध नाताळकथा १८४३ च्या डिसेंबरांत, सणास अवघे सहा दिवस उरले असतां, प्रसिद्ध झाली होती. अलीकडच्या प्रेमकथांची रीत तर बहुधा ठरलेली असते. बर्फ पडत असतें, वाट चुकलेला तरुण एका घराचें दार ठोठावतो, दोन दुःखी जीवांची ओळख होते आणि देवळाची घंटा वाजतां वाजतां लग्न ठरतें. त्या वाचण्यास आमची हरकत नाहीं. मात्र सिपना नदीच्या कांठीं सागाच्या पाचोळ्यांत वाढलेल्या मुलांस तो बर्फ परका वाटतो, हें आम्हीं पाहिलें आहे. म्हणून त्या पालकांस आम्हीं एक मराठी पुस्तक सांगितलें. तें १८५७ सालचें. नांव ‘यमुनापर्यटन’, कर्ते बाबा पदमनजी. पुस्तक सांगतांना कर्त्याचें चरित्रही ओघानें सांगावें लागलें, कारण एकावांचून दुसरें नीट उमगत नाहीं. तेंच येथें लिहून काढितों.

बाबांचा जन्म १८३१ च्या मे महिन्यांत बेळगांव येथें झाला. घराणें कासारांचें, आडनांव मुळे. घरांत देवधर्माचें वातावरण होतें, आणि लहानपणीं बाबाही पूजाअर्चा, उपासतापास मोठ्या भाविकपणें करीत असत. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्याच्या मनांत मुळांतच धर्माविषयीं उदासीनता असते तो धर्म सोडतो तेव्हां त्याचें कांहीं जात नाहीं. बाबांचें सर्व कांहीं जाणार होतें. शिक्षणास आरंभ बेळगांवीं मिशन शाळेंत झाला व पुढें ते मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयांत शिकले. डॉ. जॉन विल्सन यांच्यासारखे पंडित त्या काळीं त्या मिशनचे धुरीण होते. आमच्या विद्यार्थ्यांस नागपूरचें हिस्लॉप कॉलेज नांवानें ठाऊक असेल. ज्यांच्या नांवानें तें आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्यें नागपुरास आले, तेही याच फ्री चर्चचे.

मुंबईस त्या वेळीं तरुणांच्या मनांत मोठी खळबळ होती. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग प्रभृतींनीं परमहंस सभा स्थापिली. जातिभेद खोटा आहे असें तींतील सभासद मानीत, एकत्र बसून खात, परंतु हें सर्व गुप्तपणें चाले. बाहेर पडल्यावर जो तो पुन्हां आपापल्या जातींत. बाबा या सभेंत होते. चार भिंतींच्या आंत एक व बाहेर एक असें किती दिवस राहावयाचें, हा पेंच त्यांच्यापुढें उभा राहिला. आम्हांस वाटतें कीं त्यांच्या पुढील सर्व लेखनाचें मूळ याच पेंचांत आहे. ‘यमुनापर्यटन’ वाचतांना मनांतल्या मनांत श्रद्धा लपवून ठेवणारा नायक भेटतो तेव्हां तो कोठून आला हें शोधावें लागत नाहीं.

अखेरीस ३ सप्टेंबर १८५४ रोजीं बेळगांव येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. वय तेवीस वर्षांचें.

त्या काळीं बाप्तिस्मा म्हणजे काय, हें आजच्या मुलांस सांगितल्याशिवाय कळत नाहीं. पंगतींतून उठविलें जाई, पाणवठा बंद होई, आणि घरचीं माणसें जिवंतपणीं सुतक धरीत. बाबांचें लग्न पूर्वींच झालेलें होतें. त्यांची पत्नी त्यांच्यामागून आली नाहीं. ती आपल्या माणसांत राहिली. पुढें त्यांनीं ख्रिस्ती मंडळींतील मुलीशीं विवाह केला व संसार केला. परंतु तो पुढला भाग झाला. त्या पहिल्या पत्नीस दोष देणारे लेखक आम्ही वाचले आहेत. आम्हांस तसें करवत नाहीं. नवऱ्यानें वर्षानुवर्षें ग्रंथ वाचून, वाद करून, मित्रांशीं बोलून जो निश्चय केला, तो निरक्षर ठेवलेल्या मुलींनीं एका दिवसांत करावा अशी अपेक्षा त्या वेळच्या समाजांत किती घरांत बाळगिली जात असेल! बाबांनीं स्वतः १८५२ मध्येंच स्त्रियांच्या विद्याभ्यासाविषयीं निबंध लिहिला होता, म्हणजे ही अडचण त्यांस ठाऊक नव्हती असें नाहीं.

आतां ‘यमुनापर्यटन’ उघडावें. यमुना मिशन शाळेंत शिकलेली आहे. तिचा नवरा विनायकराव. दोघेंही मनानें ख्रिस्तास मानूं लागलेलीं आहेत आणि घरीं तें बोलावयाची सोय नाहीं. जें बाबांस लाभलें नाहीं तें त्यांनीं आपल्या नायकास दिलें: बरोबरीनें वाचणारी, बरोबरीनें प्रार्थना करणारी, शंका विचारणारी पत्नी. हीं दोघें प्रवासास निघतात. गांवोगांव त्यांस विधवा भेटतात, कोणी स्वतः आपली हकीकत सांगते, कोणाची दुसऱ्याच्या तोंडून कळते. केशवपन, एकभुक्त राहणें, घरांतल्या पुरुषांची वाईट नजर, लपविलेलीं बाळंतपणें, या गोष्टी त्या काळच्या छापील मराठींत इतक्या उघडपणें क्वचितच आल्या असतील. मग वाटेंत विनायकरावास अपघात होतो आणि मरणापूर्वीं तो बाप्तिस्मा घेतो. आजवर दुसऱ्यांचीं दुःखें ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. सासरीं तिचा छळ सुरू होतो, केशवपनासाठीं लकडा लागतो. शेवटीं ती उघडपणें ख्रिस्ती होते व एका ख्रिस्ती गृहस्थाशीं पुनर्विवाह करिते.

गोष्ट एवढीच. परंतु साल पाहावें. ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या खटपटीनें विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा, म्हणजे १८५६ चा पंधरावा, नुकताच झाला होता. कायदा झाला म्हणून लग्नें लागलीं असें मात्र नाहीं. महाराष्ट्रांत विष्णुशास्त्री पंडित यांनीं पुढें या कामास वाहून घेतलें, आणि मुंबईस गाजलेला पुनर्विवाह झाला तो १८६९ मध्यें. यमुनेचें लग्न पुस्तकांत लागलें त्यास तोंवर बारा वर्षें झालीं होतीं. शिवाय त्या कायद्याप्रमाणें पुन्हां लग्न करणाऱ्या विधवेस पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क सोडावा लागे. म्हणून यमुनेच्या लग्नास नुसता गोड शेवट म्हणणें आम्हांस कमी वाटतें. ती रिकाम्या हातानें नवें घर मांडते.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. या पुस्तकांतील कांहीं भाग आम्हीं एकदां मुलांस वाचून दाखविला. विधवांचे हाल ऐकून एक कोरकू मुलगी बराच वेळ गप्प होती. नंतर तिनें विचारिलें, या बाईनें दुसरें घर कां केलें नाहीं? तिला खरोखरच कळत नव्हतें. कोरकूंमध्यें विधवेनें पुन्हां संसार मांडण्यास आडकाठी नाहीं. वऱ्हाडांतील कित्येक शेतकरी जातींतही पाट लावण्याची चाल होती. म्हणजे बाबांनीं ज्या रूढीवर प्रहार केला ती सगळ्या हिंदुस्थानची नव्हे. ती मुख्यतः उच्चवर्णीयांची व त्यांचें अनुकरण करणाऱ्यांची. पुस्तकाच्या जोडनांवांत मात्र हिंदुस्थानांतील विधवांची स्थिति असे शब्द आहेत. त्या मुलीच्या एका प्रश्नानें त्या शब्दांतील ढिलाई आम्हांस दिसली, आणि ती आम्हीं मास्तर असूनही पूर्वीं पाहिली नव्हती.

दुसरेंही उणें सांगून टाकितों. कादंबरी म्हणून हें पुस्तक अंगानें किरकोळ आहे. पात्रें बोलूं लागलीं कीं पुष्कळदां प्रवचन होतें, आणि प्रवचन लांबलें कीं गोष्ट वाटेंतच बसून राहते. हिंदु धर्माविषयींचे कांहीं उद्गार आज आम्हांस बोचतात. त्या काळच्या मिशनरी वादाची ती भाषा आहे आणि बाबा त्या वादांत तरुणपणींच उतरले होते. विधवांचा कैवार पुढें हिंदु समाजांतूनच किती जणांनीं घेतला, हें विष्णुशास्त्री पंडितांचें नांव घेतल्यावर निराळें सांगणें नको. तरीही मराठींतील पहिली स्वतंत्र कादंबरी असा मान बहुतेक विद्वान् या पुस्तकासच देतात. यापूर्वीं हरि केशवजी यांनीं बनियन यांच्या ग्रंथाचें ‘यात्रिकक्रमण’ हें भाषांतर १८४१ मध्यें केलें होतें. प्रवासाच्या दोऱ्यांत प्रसंग ओवण्याची रीत मराठी ख्रिस्ती वाचकांस तेथें दिसली होती. परंतु बनियनचा यात्री बायकामुलांस मागें टाकून एकटा पळतो. बाबांचा विनायकराव पत्नीस बरोबर घेऊन निघतो. हा फरक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

बाबांचें पुढील आयुष्य लेखणीचेंच. १८६० मध्यें समानार्थी शब्दांची ‘शब्दरत्नावली’, १८६३ मध्यें मोल्सवर्थच्या मोठ्या कोशाचा संक्षेप. तो संक्षिप्त कोश आजही छापला जातो, आणि तो वापरणाऱ्यांपैकीं पुष्कळांस हा कादंबरीकाराचा हात आहे हें ठाऊक नसतें. मुलांस व कुटुंबांस उपयोगी पडतील अशीं मासिकें त्यांनीं चालविलीं. १८६७ मध्यें त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली व पुण्यास त्यांनीं तें काम केलें; १८७३ मध्यें तें सोडून ते पुन्हां ग्रंथांकडे वळले आणि मुंबईस ट्रॅक्ट सोसायटी व बायबल सोसायटी यांसाठीं संपादन करीत राहिले. नव्या करारावरील टीका, निबंध, चरित्रें, लहानमोठीं मिळून शंभरांहून अधिक पुस्तकें त्यांच्या नांवावर आहेत. १८८८ मध्यें ‘अरुणोदय’ हें आत्मचरित्र निघालें. मराठींतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते, आणि आमच्या मतें भाषेच्या दृष्टीनें तें ‘यमुनापर्यटना’हून सरस आहे. त्यांत वाद कमी व आठवणी अधिक. वरच्या वर्गांतील मुलांनीं तें अवश्य पाहावें.

‘अरुणोदय’ निघाल्यावर दोनच वर्षांनीं हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ क्रमशः येऊं लागली. तिची नायिकाही यमुनाच. तीही वाचावयास शिकते, तिचाही नवरा तिच्यावर प्रेम करितो, तीही विधवा होते आणि केशवपनास बळी पडते. आपट्यांची कला बाबांहून कितीतरी थोर. त्याविषयीं दुमत नाहीं. परंतु त्यांच्या यमूस वाट सांपडत नाहीं. दोन्ही पुस्तकें लागोपाठ वाचणाऱ्यास असें वाटून जातें कीं तेहतीस वर्षांपूर्वीं कोणीतरी पहिल्या यमुनेसाठीं दार उघडून ठेविलें होतें, तें मग पुन्हां कोणी लावून घेतलें?

बाबा २९ ऑगस्ट १९०६ रोजीं मुंबईस वारले. तेव्हां त्यांचें वय पंचाहत्तर होतें. 

त्या सेमाडोहच्या पालकांनीं पुस्तक नेलें आहे. आम्हीं त्यांस एवढेंच सुचविलें कीं जेथें वादविवाद लांबेल तेथें पानें उलटावीं, परंतु विधवांच्या हकीकती एकही गाळूं नये, आणि विनायकरावाच्या मृत्यूपाशीं त्या रात्रीचें वाचन थांबवूं नये. लहान मुलें तशींच निजावयास गेलीं तर रडतात. पुस्तक लहान आहे, तीन रात्रींत संपतें. आमच्याकडे प्रत एकच असल्यामुळें इतरांस ती जानेवारींत मिळेल.