आधी सायकल शिकवली, मग नांगर विकला

किर्लोस्कर म्हटलं की पंप आणि इंजिनं आठवतात. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात झाली सायकलींपासून. १८८८ मध्ये बेळगावात त्यांनी भावासोबत सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईत शिक्षक होते. तिथून ते सायकली पाठवायचे आणि भाऊ रामुअण्णा त्या विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. दोघांनाही त्या यंत्राचं वेडच होतं म्हणा ना!

खरी परीक्षा पुढे होती. त्यांनी लोखंडी नांगर बनवला, पण लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! लक्ष्मणरावांनी मात्र नांगर सोडला नाही. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, ती याच नांगरांच्या कारखान्यासाठी.