एकमताचा शिल्पकार : वि. स. पागे

विधिमंडळात निरनिराळ्या पक्षांचे सभासद एकमेकांना कितपत साथ देतात, हे मोजता येईल का? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. अमेरिकेत स्टुअर्ट राईस नावाच्या अभ्यासकाने १९२० नंतरच्या दशकात त्यासाठी एक साधे गणित मांडले. एखाद्या ठरावाला सत्ताधाऱ्यांपैकी शेकडा ९० आणि विरोधकांपैकी शेकडा ४० सभासदांनी होकार दिला, तर फरक ५० चा. शंभरातून तो वजा करायचा; जे उरेल ते दोन्ही गटांतले साम्य. सगळ्यांनीच होकार दिला तर साम्य पूर्ण शंभर. अलीकडे तिकडे आणखी एक मोजमाप करतात. एका पक्षाच्या सभासदाने आणलेल्या विधेयकावर दुसऱ्या पक्षाचे किती जण सूचक म्हणून सही करतात, ते मोजतात.

हे गणित आपल्याकडे आणले की अडखळते. आपल्या सभागृहांत बहुतेक निर्णय आवाजी मताने होतात. कोणी कोणत्या बाजूला मत दिले याची नावनिशी नोंद क्वचितच राहते. शिवाय पक्षादेश असतो, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तो मोडणे म्हणजे सभासदत्वावर पाणी सोडणे. मग मोजायचे काय? या प्रश्नाचे उत्तर मला एका माणसाच्या चरित्रात सापडले, असे वाटते. मतांच्या मोजणीत ज्याच्या नावापुढे शून्यच पडेल, असा तो माणूस. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती विठ्ठल सखाराम पागे.

पाग्यांचा जन्म २१ जुलै १९१० चा. तासगाव तालुक्यातले विसापूर हे त्यांचे गाव. तो मुलूख आज सांगली जिल्ह्यात आहे, त्या काळी साताऱ्यात होता. आपल्या मराठवाड्याशी त्यांचे जन्माचे नाते नाही, पण तासगावचा पूर्व भाग म्हणजे पावसाने पाठ फिरवलेली जमीन. जिंतूरच्या माळावर वाढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. पागे शिकले, वकील झाले, स्वातंत्र्याच्या चळवळीत पडून तुरुंगातही गेले. संतवाङ्मयाचा त्यांचा व्यासंग होता. पुढे काँग्रेसतर्फे ते विधान परिषदेवर आले आणि १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच वर्षी, परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, म्हणजे सलग अठरा वर्षे, ते त्या आसनावर होते.

सभापतीचे आसन मोठे, पण हात बांधलेले. घटनेच्या १८९ व्या कलमाप्रमाणे त्याला एरवी मत नसते. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच निर्णायक मत देता येते. चर्चेत उतरून त्याला एखादी योजना पुढे रेटता येत नाही. ज्याला भाषणही करता येत नाही आणि मतही देता येत नाही, त्याने कायदा घडवायचा कसा? पाग्यांनी पत्राचा मार्ग धरला.

त्या पत्राची हकीकत विसापूरपासून सुरू होते असे सांगतात. १९६५ च्या सुमारास गावी असताना त्यांनी भूमिहीन मजुरांचा हिशेब मांडला. सातशे रुपये हाताशी असतील, तर पंधरा माणसांना वीस दिवस काम देता येईल. भागाकार केला तर माणशी रोजचे सव्वादोन रुपयांच्या थोडे वर पडतात. मग हाच हिशेब सबंध राज्याला लावला तर किती पैसा लागेल? हा विचार त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना लिहून कळवला. नाईकांनी तो बाजूला टाकला नाही. तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला आणि लोक त्याला पागे योजना म्हणू लागले. मागेल त्याला काम, आणि ते काम गावाच्या उपयोगाचे: बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ता, विहीर. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही ग्रामीण गरिबांसाठी सार्वजनिक कामांचाच उपाय सुचवला होता. १ मे १९७२ पासून रोजगार हमी योजना राज्यात सुरू करण्याचे ठरले.

आणि त्याच वर्षी पाऊस गेला. १९७२ चा दुष्काळ परभणी जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. तेव्हाचा आपला जिल्हा आजच्या हिंगोलीसकटचा होता. माझी आजी त्या साली खडी फोडायला गेली होती. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची आठवण ती अजून काढते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. नवी योजना तेवढ्यापुरती बाजूला ठेवून सरकारने दुष्काळी कामेच चालवली. पण त्या दोन वर्षांत एक गोष्ट सगळ्यांना दिसली. एवढ्या माणसांना काम देता येते. दुष्काळात देता येते, तर एरवी का नाही?

इथे पक्षांचा प्रश्न येतो. मार्च १९७२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २७० जागांपैकी २२२ काँग्रेसने जिंकल्या होत्या. विरोधकांची गरज कोणाला होती? पण शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट, लाल निशाण हे सारे दुष्काळी मजुरांमध्ये काम करत होते, मोर्चे काढत होते, कामाचा हक्क मागत होते. पाग्यांची कल्पना आणि रस्त्यावरची मागणी ही एकच होती. योजनेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद पाग्यांकडे आले. आपल्या पक्षाची योजना म्हणून ती मिरवण्यापेक्षा सर्वांची म्हणून ती टिकवावी, अशी त्यांची रीत होती.

मात्र पैशाची गाठ सोपी नव्हती. काम खेड्यात द्यायचे, पैसा आणायचा कोठून? १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी कर भरायचा आणि त्याच्या जोडीला सरकारने तितकीच रक्कम घालायची. आमच्या प्राध्यापकांच्या पगारातून दरमहा जी रक्कम कापली जाते, तिचा उगम हा. मुंबईच्या आमदाराने आपल्याच मतदारावर कर बसवायला होकार द्यायचा आणि त्यातून मराठवाड्याच्या माळावर नालाबंडिंग व्हायचे! शहराचा त्यातला स्वार्थही खरा होता. खेड्यात काम मिळाले तर माणसांचे लोंढे मुंबईकडे येणार नाहीत. पण सहकार्य म्हणजे निःस्वार्थीपणा, असे थोडेच आहे? दोघांचे हित एका कायद्यात बसवणे, हेच तर राजकारणाचे काम.

१९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणी उठली होती. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगातून बाहेर आले होते. लोकसभा निवडणुकीत परभणीतून शेकापचे शेषराव देशमुख निवडून आले होते. एकमेकांविषयी मनात इतका कडवटपणा क्वचितच कधी असेल. अशा वर्षी, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, रोजगार हमीचे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केले. तुरुंगात गेलेल्यांचे पक्ष आणि त्यांना तुरुंगात धाडणारा पक्ष एका बाजूला आले. परिषदेत आसनावर पागे होते. त्यांच्या निर्णायक मताची वेळच आली नाही.

राईसच्या गणिताने पाहिले तर साम्य पूर्ण शंभर. पण मित्रहो, एकमताच्या या शंभर गुणांवर मी भाळणार नाही. गरिबाला काम देऊ नका, असे सभागृहात उभे राहून कोण म्हणणार? होकार देणे सोपे असते. खरी परीक्षा पुढे झाली. १९७८ च्या आरंभी काँग्रेस फुटली, जुलैमध्ये वसंतदादांचे सरकार पडले आणि शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले. त्यात जनता पक्ष होता, शेकापही होता. राष्ट्रपतींची संमती मिळालेला तो कायदा या सरकारने २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आणला. एका सरकारने केलेला कायदा त्याला पाडणाऱ्यांनी चालू केला. पुढे सरकारे आली आणि गेली. व्यवसाय कर कोणी रद्द केला नाही. १९७७ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेते असलेल्या शेकापच्या गणपतराव देशमुखांकडे १९९९ मध्ये मंत्री म्हणून रोजगार हमीचेच खाते आले. माझ्या मते सहकार्य मोजायचे ते असे.

कायद्यात काय होते, तेही सांगायला हवे. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. दिवसांची मर्यादा नाही. खर्चाचा किमान शेकडा ६० भाग अकुशल मजुरीवर. बाई-पुरुष असा भेद न करता कामाच्या मोजमापावर दाम. १९७९-८० मध्ये सुमारे २० कोटी मनुष्यदिवसांचे काम निघाले. १९९० मध्ये फळबागा या योजनेला जोडल्या गेल्या. २००५ मध्ये संसदेने वर्षाला शंभर दिवसांच्या ग्रामीण रोजगाराचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा अनुभव होता.

सारेच गोड झाले असे नाही. मस्टरवर खोटी नावे चढली, मजुरी रखडली, जमा झालेल्या कराचा पैसा पुष्कळदा पडून राहिला. विहिरीचा आणि रस्त्याचा लाभ मजुरापेक्षा जमीनवाल्यालाच अधिक झाला, ही टीका आजही खोडता येत नाही. सभागृहात एकमत होते म्हणून गावात न्याय होतोच, असे नाही.

सभापतिपद सुटल्यानंतरही पाग्यांनी योजनेची चिंता सोडली नाही. १६ मार्च १९९० रोजी ते गेले. त्यांच्या नावाने ना कोणता पक्ष उभा राहिला, ना घराणे. रोजगार हमीचे जनक, एवढी एकच पदवी लोकांनी त्यांना दिली.

रोजगार हमीच्या कामावर दोन वह्या असत. एक मस्टर, ज्यात कोण हजर होते ते लिहीत. दुसरी मोजमापाची, ज्यात माती किती निघाली ते लिहीत. मजुरी ठरे ती दुसऱ्या वहीवरून. विधिमंडळातल्या मतांची मोजणी म्हणजे मस्टर आहे. त्यात पाग्यांची हजेरी लागणार नाही, कारण त्यांना मतच नव्हते. पण माती किती निघाली, असे विचारले, तर आमच्या भागातल्या पाझर तलावांच्या बांधांवर उभे राहून उत्तर देता येते. कोणत्या पक्षाच्या कारकीर्दीत कोणता बांध झाला, हे तिथल्या विहिरीच्या पाण्याला ठाऊक नाही.