३८८ विरुद्ध १

वर्गात हजेरी सुरू झाली की आपण मान वर न करताच प्रेझेंट म्हणतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. अमेरिकेच्या संसदेत मात्र याच शब्दाला वजन आहे. तिथल्या प्रतिनिधीगृहात १९७३ पर्यंत रोल कॉल घेताना एकेका सदस्याचं नाव पुकारलं जायचं. त्याने हो म्हणायचं, नाही म्हणायचं, किंवा नुसतं प्रेझेंट. प्रेझेंट म्हणजे मी सभागृहात आहे, पण ना बाजूने, ना विरोधात. जेनेट रँकिनने एकाच आठवड्यात नाही आणि प्रेझेंट अशी दोन्ही उत्तरं दिली, आणि तिची कारकीर्द तिथेच संपली.

जेनेटचा जन्म ११ जून १८८० चा, मोंटाना राज्यातल्या मिसूला गावाजवळचा. घरात सगळ्यांत थोरली. १९०२ मध्ये तिने बायॉलॉजीची डिग्री घेतली, काही दिवस शाळेत शिकवलं, शिवणकामही केलं. मग ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरली. १९१४ मध्ये मोंटानातल्या स्त्रियांना मत मिळालं आणि १९१६ मध्ये जेनेट तिथून निवडून आली. अमेरिकी संसदेतली ही पहिली स्त्री. गंमत म्हणजे देशभरातल्या स्त्रियांना घटनेने मताचा हक्क दिला तो १९२० मध्ये!

पहिली परीक्षा लगेच आली. २ एप्रिल १९१७ ला अधिवेशन सुरू झालं आणि चारच दिवसांत जर्मनीविरुद्धच्या युद्धावर मतदान झालं. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा ती गप्प बसली. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा नाही म्हणाली. ठराव ३७३ विरुद्ध ५० असा मंजूर झाला. म्हणजे विरोधात आणखी ४९ जण होते, सगळे पुरुष. पण गाजलं ते तिचं मत. चळवळीतले काही सहकारीही नाराज झाले. १९१८ मध्ये ती सिनेटसाठी उभी राहिली आणि हरली.

पुढची वीसेक वर्षं ती शांततेसाठी काम करत राहिली. १९४० मध्ये, साठीत, मोंटानाने तिला पुन्हा निवडून दिलं. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सिनेटने युद्धाचा ठराव ८२ विरुद्ध ० असा मंजूर केला. प्रतिनिधीगृहात आकडा होता ३८८ विरुद्ध १. तो एक म्हणजे जेनेट. मत बदल, निदान तटस्थ तरी राहा, म्हणून सहकाऱ्यांनी विनवलं. ती बधली नाही. बाहेर पत्रकारांचा असा गराडा पडला की तिला टेलिफोन बूथमध्ये शिरून पोलिसांना बोलवावं लागलं. तीन दिवसांनी जर्मनी आणि इटलीविरुद्धचे ठराव आले, तेव्हा ती प्रेझेंट म्हणाली.

१९४२ ची निवडणूक तिने लढवलीच नाही. मतदारांचा कौल कळायला मतमोजणीची गरज नव्हती. पुढे गांधीजींचा अहिंसेचा मार्ग समजून घ्यायला ती अनेकदा भारतात आली. जानेवारी १९६८ मध्ये, ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरोधात हजारो स्त्रियांच्या मोर्चाच्या पुढे ती वॉशिंग्टनमध्ये चालत होती. १८ मे १९७३ ला ती गेली.

तिचं १९४१ चं मत बरोबर होतं का? समोर हल्ला झालेला, पलीकडे हिटलर. मला तरी ते पटत नाही. पण ती काय म्हणाली हे आजही नावानिशी सापडतं. आपल्या लोकसभेत बरीच विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. त्यात कुणी काय म्हटलं याची नोंद राहत नाही. कुणी मतविभाजन मागितलं, तरच ती होते. आपल्यातले अनेक जण पुढच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देतील. त्याआधी एखाद्या मतविभाजनात आपल्या खासदाराने काय म्हटलं, की तो आलाच नव्हता, हे शोधून बघा. त्यांचीही हजेरी कुणीतरी घ्यायला हवी.