डॉ. पॉल ब्रँड : सरळ झालेल्या बोटांची राखण

कुष्ठरोगाने आखडलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ होतात, हे पन्हाळ्याकडील कित्येक वाचकांनी ऐकले असेल. परंतु सरळ झालेला हात पुढे दहावीस वर्षे कसा राहतो, ह्याचा विचार थोडेच करतात. ज्यांनी तो जन्मभर केला त्या डॉ. पॉल ब्रँड ह्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

ब्रँड ह्यांचा जन्म १९१४ साली मिशनरी आईबापांच्या पोटी झाला व त्यांचे बालपण तामिळ मुलखातील कोल्ली डोंगरात गेले. नवव्या वर्षी त्यांस शिक्षणासाठी विलायतेस धाडण्यात आले. १९२९ साली त्यांचे वडील इकडेच तापाने वारले. तरुणपणी त्यांनी काही वर्षे सुतारकाम व गवंडीकाम शिकून घेतले. मग लंडन येथे वैद्यकीचा अभ्यास करून १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रवैद्य म्हणून आले.

चिंगलपट येथील कुष्ठालय पाहत असता त्यांनी एका रुग्णाच्या वाकड्या हातात आपला हात दिला. रुग्णाने तो असा आवळला की ब्रँड कळवळले. पण त्याच क्षणी त्यांस एक गोष्ट उमगली. बोटे आखडली होती, तरी कोपराखालील स्नायू बळकट होते. ह्या रोगाने मज्जातंतू बिघडतात, त्यामुळे तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात व बोटे पंजासारखी वाकतात. तेव्हा बोट मिटविणाऱ्या दोन कंडरांपैकी, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्यांपैकी, एक सोडवून तिचे पदर बोटांस जोडावे, अशी शस्त्रक्रिया त्यांनी हाती घेतली. काही आठवडे हात प्लास्टरमध्ये राही. मग रुग्णास नव्याने मूठ मिटण्यास व उघडण्यास शिकावे लागे. ह्या रीतीने काही बोटे कालांतराने उलटी वाकत, असे दिसल्यावर त्यांनी मनगटाकडील कंडरा लांबवून वापरण्याची रीत काढली.

बोटे सरळ झाली, पण पोटाचा प्रश्न सुटला नाही. काहींनी येऊन गाऱ्हाणे केले की, हात धड दिसू लागल्यामुळे भीक मिळेना, आणि रोगाच्या भयाने काम कोणी देईना. म्हणून ब्रँड ह्यांनी महाविद्यालयाच्या आवारात नवजीवन केंद्र उभारले व स्वतः शिकलेले सुतारकाम रुग्णांस शिकविले. तेथे लाकडी खेळणी तयार होऊ लागली.

तेथेच त्यांस मोठा धडा मिळाला. गंजलेल्या कुलुपाची किल्ली त्यांस फिरेना, ती एका लहान मुलाने सहज फिरविली. पाहतात तो त्याचे बोट हाडापर्यंत कापलेले, आणि मुलास त्याची वार्ताही नाही! कित्येकांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पहारा ठेवल्यावर कळले की, झोपेत उंदीर कुरतडीत. तेव्हा प्रत्येकास एक मांजर देण्यात आले. बोटे रोगाने आपोआप झडतात हा समज खोटा ठरला. शस्त्रक्रियेने आकार येतो, पण गेलेली संवेदना परत येत नाही. आणि न दुखणाऱ्या हातास त्याच्या धन्याने डोळ्यांनी राखले तरच तो टिकतो.

१९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसही हाच नियम लागू पडतो, हे त्यांनी तेथे दाखविले. ८ जुलै २००३ रोजी सिॲटल येथे त्यांचे देहावसान झाले. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ कोंढवा येथे डॉ. नोशिर अंतिया ह्यांनीही १९५० नंतरच्या दशकात अशा हातांवर शस्त्रक्रिया केल्या.

वाचकहो, गुऱ्हाळाची काहील, चुलीवरचे भांडे व खुरप्याची मूठ हे बधिर हाताचे छुपे वैरी होत. अशा बंधूस वा भगिनीस सांगा की, गरम भांडे सांडशीने धरावे, मुठीस जाड कापड गुंडाळावे, हात रोज पाण्यात भिजवून तेल लावावे, आणि निजण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात प्रत्येक बोट तपासावे. फोड दिसल्यास त्या हातास विश्रांती द्यावी. ज्याच्या अंगावर बधिर चट्टा आहे, त्याने बोटे वाकण्याची वाट पाहू नये. सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते, आणि मज्जातंतू नुकताच दुखावला असेल तर वेळीच केलेल्या उपचाराने हात वाचू शकतो.